दहा नावं

घुगऱ्यांच्या घरात कुणी कुणापुढं हात पसरत नाही. लग्न होऊन मी गडहिंग्लजला आले त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. एवढ्या काळात शेजारणीकडं मी वाटीभर साखर मागितलेली नाही. संपली तर बिनसाखरेचा चहा केला आणि आलेल्या पाहुण्याला सांगितलं, आमच्यात असाच पितात.

म्हणून गोळी मागायला मी सुनेला पाठवलं.

आमचा चटणीचा डंक आहे. चार लोखंडी मुसळं आळीपाळीनं वर जातात आणि उखळातल्या मिरचीवर आदळतात. आता मिरचीत ओल किती ते सांगणारं यंत्र आलंय, टेम्पो विजेवर चालतो, पण चटणी अजून मुसळानंच कांडावी लागते. दळली की जळते. त्या मुसळांच्या तालावर चाळणी हलवून माझा उजवा खांदा निकामी झाला. तीन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर दोन महिने मला शमोडॉल नावाची गुलाबी गोळी मिळाली.

खांदा बरा झाला. डॉक्टरांनी गोळी बंद केली. पण त्या गोळीनं नुसती खांद्याची कळ थांबत नव्हती. डोक्यातली मुसळंसुद्धा थांबायची. जेवून पडलं की घरभर शांत वाटायचं, कुणाचा राग यायचा नाही. मला ते हवं होतं. आणि हवं आहे म्हणून कुणाच्या टेबलासमोर जाऊन सांगायचं, हे माझ्यानं होणार नव्हतं.

माझी सून ऋतुजा. सौरभची बायको, आजऱ्याकडची. लग्नाला चार वर्षं झालेली. पोरगी कामाला चांगली, तोंडानं कमी. तिला मी समोर बसवून पढवलं. "कंबर धरून जा. पायरीवर जरा थांब. म्हणावं, दुसऱ्या गोळ्यांनी पित्त हुतंय, मागं शमोडॉल घेतली हुती, तीच सोसती."

"आत्ती, पर माझी कंबर दुखत न्हाई."

"दुखंल. एवढ्यात काय घाई हाय?"

ती गेली आणि घेऊन आली. दर तीन आठवड्यांनी जायची आणि आणायची. गोळ्या मी हिंगाच्या रिकाम्या डब्यात ठेवायची. रोज एक घ्यायची होती. मी दोन घ्यायची.

मग दिवाळीनंतर पारखी आली.

सरकारी नाव लांबलचक होतं, औषध मागणी पडताळणी यंत्र की काय. लोकांनी पारखी केलं. डॉक्टर शाहीन नदाफच्या दवाखान्यात, वजनकाट्याच्या शेजारी ती पेटी बसवली. वर हनुवटी टेकवायला जागा, समोर काच, आणि आतून बाईचा पुणेरी आवाज. कुणी गोळीचं नाव घेऊन मागायला आलं की आधी तिथं बसायचं, मगच पुढचं बोलणं.

पहिल्यांदा ऋतुजाचा आकडा आला एकेचाळीस. पुढच्या खेपेला अठ्ठावन्न. माघात आला त्र्याऐंशी. सत्तरच्या वर गेलं की आरोग्य कार्डावर लाल खूण पडते. ती खूण राज्यातल्या सगळ्या डॉक्टरांना दिसते, सगळ्या मेडिकलवाल्यांना दिसते. वर्षभर त्या जातीची गोळी बंद.

ऋतुजा रिकाम्या हातानं परत आली आणि चुलीपाशी उभी राहिली. "लाल पडलं, आत्ती."

"असं कसं पडलं? तू काय केलंस?"

"काय न्हाई. नुसती बसली."

मी दवाखान्यात गेले. मागायला नाही, भांडायला. शाहीनच्या आज्यानं आमच्या घरच्या गाद्या पिंजल्यात. त्या ओळखीवर मी आत घुसले आणि म्हटलं, "तुझ्या पेटीनं माझ्या सुनेला व्यसनी ठरवलंय. सासरी आलेल्या पोरीचं नाव असं घालवत्यात?"

शाहीननं मला बसवलं. पोरगी तशी थंड डोक्याची. म्हणाली, "अक्का, रोज वीस माणसं माझ्याकडं गोळीचं नाव घेऊन येतात. त्यातल्या कुणाला खरंच दुखतंय, कुणाला सवय लागलीय, एखादा घेऊन विकतोय. तोंड बघून मी ठरवलं तर काय होणार? ओळखीच्याला देणार, परक्याला हाकलणार. जो आवाज चढवतो त्याला देणार, जो गप बसतो त्याला नाही. मागं असंच झालं. पोरं वाया गेली, आणि कॅन्सरचे म्हातारे कण्हत मेले."

"आणि ही पेटी तोंड बघत न्हाई?"

"डोळा बघते. डोळ्याच्या मधोमध काळी बाहुली असते ना, ती उजेडात बारीक होते, अंधारात मोठी. पण उजेड तेवढाच असला तरी, मनाला ज्याची ओढ लागलीय त्याचं नुसतं नाव कानावर पडलं की बाहुली केसभर मोठी होते. साखर असलेल्या माणसापुढं कुणी जिलेबी म्हटलं की होते तशी. ते आपल्या हातात नसतं, दाबता येत नाही. पारखी दहा नावं घेते. भाजीचं, गावाचं, मध्येच औषधाचं. प्रत्येक नावाला बाहुली किती हलली ते मोजते. ऋतुजाची भेंडीला हलत नाही, आजऱ्याला थोडी हलते, आणि शमोडॉल म्हटलं की उडी मारते."

गोळी खाते मी आणि उडी मारते हिची बाहुली, मला तेव्हा हिसका बसायला हवा होता. पण माझं डोकं वकिलासारखं चालत होतं. मी म्हटलं, "आमच्या डोळ्यात बारा महिने मिरची असती. ती बघून तुझी पेटी फसली."

शाहीनला ते पटण्यासारखं वाटलं. तिनं चार दिवस ऋतुजाला डंकापासून लांब ठेवायला सांगितलं, डोळ्यात घालायचे थेंब दिले. पाचव्या दिवशी मी स्वतः तिला घेऊन गेले. स्टूल ओढून तिच्या अगदी पुढ्यात बसले, म्हटलं बघू तर पेटी काय करते. ऋतुजानं हनुवटी टेकवली. पुणेरी बाई एकेक नाव घेत गेली. ऋतुजा एकदा माझ्याकडं बघायची, एकदा काचेकडं.

आकडा आला अठ्ठ्याऐंशी.

शाहीननं आकडा पुन्हा एकदा वाचला. मग तिनं ऋतुजाला बाहेर पाठवलं आणि मला विचारलं, "अक्का, खरं सांगा. घरात ह्या गोळ्या दुसरं कुणी घेतं का?"

"आमच्यात कुणाला काय रोग न्हाई," मी म्हटलं.

तिनं माझ्या तोंडाकडं जरा जास्तच वेळ बघितलं. मी पदर सावरला आणि उठले.

घरी येताना मात्र माझ्या मनात किडा शिरला. मिरची नव्हती, थेंब घातले होते, तरी आकडा वाढलाच. पेटीला खोटं बोलून काय मिळणार? तिला ना सासू, ना सून. मग खरं कोण बोलत नव्हतं? दर खेपेला पाकीट ऋतुजाच्याच हातात यायचं. मी कधी पाकिटावरचा आकडा बघितला होता का? नव्हता. नाही म्हणायला एकदाच बघितला होता. पाकिटावर एकवीस लिहिलेल्या, डब्यात एकोणीस पडलेल्या.

झालं. मला वाटलं, ही माझ्या नावानं आणते आणि मधल्या मध्ये खाते.

आता विचार केला तर हसू येतं. माझ्या नावानं ती आणतच नव्हती, तिच्याच नावानं आणत होती. पण संशयाला हिशेब लागत नाही. दुपारी ती डंकावर असताना मी तिचं कपाट उघडलं. बांगड्यांच्या पेटीत, वहीच्या कागदात गुंडाळलेल्या सहा गुलाबी गोळ्या सापडल्या.

मी त्या घेतल्या नाहीत. घ्याव्याशा वाटल्या, हे कबूल करते. माझा डबा संपत आला होता आणि अंगाला नुसती आग सुटली होती. पण पुरावा हातात असला की माझं मन घट्ट होतं. कागद होता तसा गुंडाळला आणि रोज दुपारी बघायला लागले. दुसऱ्या दिवशी पाच. मध्ये एक दिवस गेला, मग चार. आठवड्याभरात पेटीत नुसता कागद राहिला. माझं नशीब त्या आठवड्यात बरं होतं, संपला संपला म्हटलेल्या डब्यात तळाला एखादी गोळी निघायची, त्यावर माझे दिवस निघाले.

मी सौरभला सांगितलं. माझा लेक भोळा आहे. डंकाची मुसळं उघडून परत जोडेल, पण माणूस जोडता येत नाही त्याला. तो बायकोपुढं जाऊन उभा राहिला. "तू खातीस का गोळ्या?"

ऋतुजा परातीतली मिरची निवडत होती. देठ खुडायची थांबली नाही. "आत्तीस्नी इचारा."

सौरभ माझ्याकडं वळला.

"मला काय इचारायचंय?" मी म्हटलं. "तिच्या कपाटात सापडल्यात."

ऋतुजानं वर बघितलं. पुन्हा खाली बघितलं. देठ खुडत राहिली.

फाल्गुन लागला. डंकाचे तेच दिवस, बायका डबे घेऊन रांगेला बसलेल्या. माझ्या डब्यात तळाला आता काही निघत नव्हतं. हातपाय कापायचे, झोप नाही, कुणी खोकलं तरी माझं माथं भडकायचं. तिसऱ्या मुसळाखाली मिरचीचा गोळा अडकला. असा अडकला की खटका ओढून आधी डंक थांबवायचा, मग उलथण्यानं काढायचा. ऋतुजाचा हात खटक्याकडंच चालला होता.

"बघत काय बसलीस? काढ की ते!" मी ओरडले.

ती दचकली आणि खटका न ओढताच हात घातला.

पुढचं मी लिहीत नाही.

कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. हात वाचला. तळव्यात दोन तारा घातल्या, तीन बोटं शिवली. तिथं असेपर्यंत सुईतून औषध चालू होतं, पोरगी शांत झोपायची. पाचव्या दिवशी घरी सोडताना तिथल्या डॉक्टरनं कार्ड टाकलं, लाल खूण बघितली आणि त्याचा चेहरा बदलला. आवाजसुद्धा बदलला. आधी ताई म्हणत होता, मग पेशंट म्हणायला लागला. तापाला देतात तसली गोळी लिहून दिली आणि म्हणाला, "नियमानं एवढंच देता येतं."

बोटांचे व्यायाम घेणारी एक बाई होती तिथं, सायली नावाची. तिनं मला बाजूला घेतलं. "आजी, नीट ऐका. ही बोटं दिवसातून पाच वेळा वाकवायची. दुखलं तरी वाकवायची. तीन आठवडे हे झालं नाही तर आतले दोरे एकमेकांना चिकटतात, मग बोटं जन्मभर सरळच राहतात. चांगली वेदनेची गोळी असल्याशिवाय कुणाकडून हे होत नाही."

"मग द्या की गोळी."

"माझ्या हातात असती तर दिली असती."

ऋतुजाच्या उजव्या हाताची तुम्हाला गोष्ट सांगते. आमची कांदा-लसूण चटणी बेळगावपर्यंत जाते. लोक म्हणतात मालनअक्काची चटणी. गेली तीन वर्षं त्यात मीठ आणि खोबरं पडतं ते तिच्या चिमटीनं. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं, तिलासुद्धा नाही. माझ्यापेक्षा तिचा हात बरा आहे.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी बोटं दोनदा वाकवली आणि ती बेशुद्ध पडली. दुसऱ्या दिवशी एकदा. सौरभ तोंड फिरवून बाहेर निघून गेला. मी बाळू मगदूमच्या मेडिकलात गेले. त्याच्या बापाला मी चटणी दिलीय.

"अक्का, माझ्या हातात काय हाय?" बाळू म्हणाला. "कार्ड टाकल्याबिगर ते कपाट उघडत न्हाई. आन लाल कार्ड टाकलं तर नुसती शिट्टी मारतंय." मग आवाज खाली घेऊन म्हणाला, "एक सांगू का, राग मानू नगा. गोळी मिळावी म्हणून असा हात घालून घेणारीबी असत्यात."

मी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं काउंटर पुसायला घेतला. पण बाळूवर चिडायचा मला हक्क नव्हता. कारण आदल्या दिवशी तेच माझ्या मनात येऊन गेलं होतं. हात कुणी घालायला लावला ते माहीत असून आलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी ऋतुजापुढं बसले. तिच्या तोंडात टॉवेल दिला, मनगट धरलं आणि मधलं बोट वाकवलं. तिच्या घशातून जो आवाज आला तो मुसळाखालीसुद्धा आला नव्हता. मी सोडलं. तिनं टॉवेल काढला, कपाळावर घाम निथळत होता. आणि अशा वेळी, काय माझी जीभ, मी विचारलं, "त्या सहा गोळ्या कुठं गेल्या?"

"तुमच्या डब्यात," ती म्हणाली.

मला कळलंच नाही. तिनं डोळे मिटून, मध्ये मध्ये थांबत सांगितलं. "डॉक्टरीणबाई पयल्यांदाच म्हणाल्या हुत्या, रोज एकच. जास्ती घेतली तर सोडताना लई तरास हुतोय. तुम्ही दोन घेताय ते मला दिसत हुतं. शेवटच्या आठवड्याला डबा रिकामा झाला की तुमचे हात कापायचे. म्हणून मी पाकिटातल्या दोन-दोन काढून ठेवायची. डबा संपला की एकेक टाकायची."

"मग तोंडानं बोलली का न्हाईस मला?"

ऋतुजानं डोळे उघडले. "तुम्हाला?" ती म्हणाली.

बस्स, एवढंच म्हणाली.

मी तिथून उठले, नऊवारी बदलली आणि रिक्षा बोलावली. ऋतुजाला घेतलं, सौरभला घेतलं. रिक्षात त्याला सगळं सांगितलं. तो बायकोचा चांगला हात धरून बसला. बरं झालं, एवढी तरी अक्कल होती.

शाहीनच्या टेबलासमोर मी उभ्यानंच सांगितलं. "गोळ्या मी खाल्ल्या. दोन वर्षं. हिला मी पाठवत हुते, खोटं मी पढवत हुते. हिनं एकबी गोळी तोंडात घातलेली न्हाई. ते लाल काढ आणि हिच्या बोटांसाठी औषध दे."

शाहीननं लेखणी खाली ठेवली. "अक्का, माझा विश्वास आहे. पण लाल मी पुसू शकत नाही. जिल्ह्याची समिती पुसते, तिला पुरावा लागतो. घरच्या माणसानं येऊन 'मीच खाल्ल्या' म्हणणं, हे आमच्याकडं रोज होतं. आया लेकांसाठी म्हणतात."

"मग मला बसव पेटीपुढं. माझं लाल पडंल. झाला पुरावा."

जन्मात पहिल्यांदा मी कुणीतरी मला दोषी धरावं म्हणून हनुवटी टेकवली. पुणेरी बाई म्हणाली, सरळ पाहा. मी पाहिलं. तिनं नावं घेतली. शमोडॉल आलं तेव्हा माझ्या जिभेला चक्क पाणी सुटलं, मानेवर काटा आला. मी म्हटलं, धर आता, चोर सापडला तुला.

आकडा आला नऊ.

"खोटं बोलती तुझी पेटी."

शाहीननं छोटी बॅटरी माझ्या डोळ्यात धरली आणि खुर्चीत मागं टेकली. "दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय ना? आणि वय. वयानं बाहुली आखडते, ऑपरेशननंतर आणखी. तुमची उजेडालासुद्धा धड हलत नाही." तिनं बॅटरी बंद केली. "अक्का, तुम्ही स्वतः आला असता, तर पारखीनं तुम्हाला कधीच पकडलं नसतं. मागितली असती तर मिळाली असती."

सौरभ भिंतीकडं बघत होता. ऋतुजाला शाहीननं बाहेर बाकावर बसवलं होतं, हात छातीशी धरलेला, ओठ पांढरे पडलेले.

मी पेटीकडं बघत राहिले. माझी शाळा चौथीपर्यंत, पण चाळणी मी चाळीस वर्षं हलवलीय. जाड काय, बारीक काय ते मला कळतं. पहिल्यांदा एकेचाळीस, मी पढवून पाठवलं होतं. दुसऱ्यांदा, पाकीट कमी आणलंस तर बघ, असं म्हणून पाठवलं होतं. अठ्ठावन्न. तिसऱ्यांदा डबा तळाला लागला होता आणि मी ताट आपटलं होतं. त्र्याऐंशी. आणि मी पुढ्यात स्टूल टाकून बसले तेव्हा अठ्ठ्याऐंशी.

"शाहीन," मी विचारलं, "ही बाहुली नुसती ओढीनं मोठी हुती, का भ्यानंबी?"

"भीतीनंही होते," ती म्हणाली. "पण भीती वाटायला गोळीच्या नावाची कुणाला कशी..." आणि ती माझ्याकडं बघत गप झाली.

"त्या दहा नावांत तुला बदल करता येतो?"

"दोन नावं डॉक्टरला बदलता येतात. यंत्र तपासायला."

"भेंडी आणि आणखी एक काढ. माझं नाव घाल. आणि ह्या बाबाचं घाल, नवऱ्याचं."

"आई, माझं कशाला?" सौरभ म्हणाला.

"गप. मापाला लागतंय."

शाहीननं मला पडद्याआड बसवलं. "तुम्ही समोर असलात तर सगळंच बिघडेल," ती म्हणाली. तिच्या टेबलावरचा कॉम्प्युटर मला फटीतून दिसत होता. त्यावर एक हिरवी रेघ चालली होती, नाव आलं की आकडा उमटायचा. ऋतुजाला आत बोलावलं, पण नावं बदलल्याचं कुणी सांगितलं नाही. तिला वाटलं, नेहमीचीच चाचणी.

वांगं. तेरा. निपाणी. बारा. शमोडॉल. एकावन्न. मी नव्हते म्हणून आधीच खाली आलं होतं. सौरभ घुगरे. एकोणीस. आजरा. चोवीस. मग त्या पुणेरी बाईनं, चहा घेणार का विचारावं इतक्या गोड आवाजात म्हटलं, मालन घुगरे.

हिरवी रेघ कड्यावर चढावी तशी सरळ वर गेली. चौऱ्याण्णव.

शाहीननं नावं मागंपुढं करून पुन्हा घेतलं. ब्याण्णव. तिसऱ्यांदा, शहाण्णव. गोळीचं नाव माझ्या नावाच्या आधी आलं की आकडा कमी असायचा, माझ्या नावानंतर आलं की वाढायचा. गोळीचं भूत नव्हतंच ते. माझीच सावली गोळीवर पडली होती.

एक क्षण माझ्या मनात आलं, पोरगी नाटक करतेय. पडद्याआड बसूनसुद्धा आलं. मग आठवलं, बाहुलीला नाटक करता येत नाही. म्हणून तर ती पेटी आणली होती.

सौरभनं पडदा सरकवला. आकडे त्यानंही बघितले होते. "माझं एकोणीस," तो म्हणाला. "वांग्याच्या जरा वर हाय मी."

कुणी हसलं नाही, पण तो बोलला ते बरं झालं.

शाहीननं तिन्ही चाचण्या समितीला पाठवल्या. फोनवर ती कुणाशी तरी पाऊण तास भांडली, इंग्रजीत आणि मराठीत. शेवटी म्हणाली, निकाल लागायला पंधरा दिवस लागतील, पण तोपर्यंत तिच्या समोर, तिच्या हातानं, रोज एक गोळी द्यायची परवानगी मिळाली आहे. ऋतुजानं ती तिथंच गिळली. अर्ध्या तासानं शाहीननं तिचं मधलं बोट धरून वाकवलं. ऋतुजानं दात आवळले. बोट वाकलं.

निघताना शाहीननं मला थांबवलं. "अक्का, तुमचे हात अजून कापतात. ती सवय सोडवायलाही औषध आहे. पण त्याला समोर बसून मागावं लागतं. ते मी कुणाबरोबर पाठवत नाही."

मी दारात उभी राहिले. बाहेर रांगेत गल्लीतल्या दोन बायका बसल्या होत्या, कान टवकारून. मी परत आत आले, खुर्ची ओढली आणि त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, "लिही. मालन घुगरे. वय सहासष्ट. मला पायजे."

समितीनं लाल खूण काढली. मगदूमच्या बाळ्यानं चटणीसाठी रिकामा डबा पाठवला, मी भरून दिला नाही. ऋतुजाची दोन बोटं पूर्ण वाकतात, तिसरं अर्धं. चिमूट होते. पहिल्या दिवशी मीठ सांडलं, आता सांडत नाही.

जूनमध्ये आम्ही पुन्हा शाहीनकडं गेलो. ती म्हणाली, कार्ड स्वच्छ आहे, आता चाचणीची गरज नाही, मी भेंडी परत जागेवर घालते.

"घालू नगंस," मी म्हटलं. "माझं नाव राहू दे. हिला चालत असंल तर एकदा बसव. मला आकडा बघायचाय."

शाहीननं ऋतुजाकडं बघितलं. ऋतुजा बराच वेळ बोटं उघडत मिटत राहिली.

"बसते," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली आणि माझ्या डोळ्यात बघून म्हणाली, "पर आत्ती, तुम्ही भाईर थांबा. आन आकडा मी सांगीन. सांगावासा वाटला तर."

चार वर्षांत तिनं मला सांगितलेलं पहिलं काम ते.

मी उठले, बाहेर जाऊन बाकावर बसले. आत पुणेरी बाईनं वांग्यापासून सुरुवात केली.